हमी कंपनीची आणि हमी तिऱ्हाइताची: २००९-१० सालचे एक अमेरिकन प्रकरण

१ मार्च २०१० रोजी यूएस फिडेलिस या कंपनीने अमेरिकेतील सेंट लुइस येथील न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. मिझुरी राज्यात, सेंट लुइसच्या पश्चिमेला वेंट्झव्हिल नावाचे गाव आहे. तेथे या कंपनीचे मुख्य कार्यालय होते आणि भरभराटीच्या काळात हजाराहून अधिक माणसे तिच्याकडे कामाला होती. ही कंपनी गाड्या बनवत नव्हती, दुरुस्त करत नव्हती आणि काटेकोरपणे पाहिले तर हमीसुद्धा देत नव्हती. ती हमी विकत होती. तिच्या लाखो ग्राहकांपैकी अनेकांना हा फरक दिवाळखोरीची बातमी येईपर्यंत ठाऊक नव्हता.

त्याच्या आदल्याच वर्षी, ३० एप्रिल २००९ रोजी क्रायस्लरने आणि १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने असाच अर्ज केला होता. म्हणजे अवघ्या दहा महिन्यांच्या अवधीत गाडी बनवणाऱ्या दोन अवाढव्य कंपन्या आणि गाडीची हमी विकणारी एक मोठी कंपनी अशा तिघांचेही दिवाळे निघाले. निर्मात्याची हमी आणि तिऱ्हाइताची हमी या दोहोंची परीक्षा एकाच देशात, एकाच मंदीत आणि जवळजवळ एकाच प्रकारच्या कायदेशीर प्रक्रियेत झाल्याचे असे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे मूळ हमी संपल्यावरच्या काळासाठी घेतलेली हमी, गाडीच्या कंपनीची घ्यावी की बाहेरची, हा प्रश्न एरवी किमतीवर आणि कोणते सुटे भाग योजनेत बसतात यावर तोलला जातो. या दोन्ही गोष्टी पाहायच्याच असतात, परंतु या प्रकरणातून पुढे येणारा तिसरा प्रश्न मला अधिक वजनाचा वाटतो. ज्या दिवशी गिअरबॉक्स जाईल त्या दिवशी पैसे कोणाच्या खिशातून यायचे आहेत, आणि तो खिसा त्या दिवशी जागेवर असेल का?

एका शब्दाचा घोळ

अमेरिकेत १९७५ साली मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा झाला. या कायद्याने वॉरंटी आणि सेवा करार या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या. वॉरंटी गाडीच्या किमतीतच अंतर्भूत असते आणि विक्रीच्या व्यवहाराचाच भाग असते; ज्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात तो सेवा करार. या व्याख्येप्रमाणे ज्याला सगळे जग 'एक्स्टेंडेड वॉरंटी' म्हणते ती वॉरंटी नव्हेच, मग ती तिऱ्हाइताची असो वा खुद्द निर्मात्याची. वेगळे पैसे देऊन घेतलेला तो एक करार असतो आणि त्याचे मोल करार करणाऱ्याच्या आर्थिक पतीएवढेच असते. विक्रेत्यांना मात्र 'वॉरंटी' हाच शब्द सोयीचा होता, कारण त्या शब्दाला कारखान्याचा वास येतो. यूएस फिडेलिसचे आधीचे नाव नॅशनल ऑटो वॉरंटी सर्व्हिसेस असे होते. त्यात 'वॉरंटी' होती आणि 'नॅशनल'ही होते. सरकारी किंवा कारखान्याशी जोडलेले काहीतरी असावे असा भास होण्याची पुरेपूर सोय त्या नावातच होती.

विक्रीची पद्धतही त्या भासावरच उभी होती. गाडी तीन-चार वर्षांची झाली की मालकाच्या घरी एक पत्र येई. तुमच्या गाडीची कंपनीची वॉरंटी संपत आली आहे किंवा संपली आहे, ही शेवटची सूचना आहे, अमुक क्रमांकावर ताबडतोब संपर्क साधा, अशी त्याची भाषा असे. पत्र आपल्याच गाडीच्या कंपनीकडून आले आहे असे वाचणाऱ्याला वाटणे स्वाभाविक होते, आणि असे पत्र म्हणजे दिशाभूल आहे असेच अनेक राज्यांच्या अॅटर्नी जनरलांनी, म्हणजे सरकारच्या मुख्य विधी अधिकाऱ्यांनी, पुढे म्हटले. फोन केला की पलीकडचा विक्रेता 'बंपर ते बंपर' संरक्षणाची गोष्ट करी. करार हाती पडून त्यातील अपवादांची यादी वाचेपर्यंत पहिला हप्ता खात्यातून गेलेला असे.

पैसा कोणत्या हातांतून जात होता

या प्रकरणाचा गाभा येथे आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे. निर्मात्याच्या मूळ वॉरंटीत नाते दोघांचे असते, गाडी बनवणारा आणि गाडीचा मालक. मधला डीलर हा निर्मात्याचाच प्रतिनिधी म्हणून वागतो आणि केलेल्या कामाचे बिल निर्मात्याकडे लावतो. तिऱ्हाइताच्या करारात मात्र पाच हात असतात. पहिला मालक. दुसरा विकणारा, या प्रकरणात यूएस फिडेलिस. तिसरा प्रशासक, म्हणजे दावे तपासणारी आणि मंजूर करणारी कंपनी. चौथी विमा कंपनी, जी प्रशासकाच्या जबाबदारीचा विमा उतरवते. पाचवी हप्त्यांची सोय करून देणारी वित्तसंस्था. यूएस फिडेलिसच्या बाबतीत ही पाचवी भूमिका प्रामुख्याने मेप्को या संस्थेने केली. मिशिगनमधील इंडिपेंडंट बँक कॉर्पोरेशन ही तिची पालक बँक होती.

आकडे समजण्यापुरते कल्पित धरू. करार चार वर्षांचा, किंमत २,४०० डॉलर. मालक सुरुवातीला २४० डॉलर भरतो आणि उरलेले २,१६० डॉलर दरमहा १२० याप्रमाणे अठरा हप्त्यांत फेडायचे ठरते. वित्तसंस्था ही उरलेली रक्कम जवळजवळ लगेच पुढे पाठवते. समजा, त्या २,४०० पैकी १,००० डॉलर प्रशासकाकडे जातात, ज्यातून दाव्यांची तरतूद आणि विम्याचा हप्ता भागतो, आणि १,४०० डॉलर विक्रेत्याकडे राहतात. विक्रेत्याचा वाटा निम्म्याहून अधिक धरला आहे तो मुद्दाम, कारण टपालाचा, जाहिरातींचा आणि विक्रेत्यांच्या कमिशनचा अवाढव्य खर्च त्यातूनच निघायचा असतो. मालकाला वाटते की आपण २,४०० डॉलरचे संरक्षण घेतले. गाडीच्या दुरुस्तीशी त्यातल्या फक्त १,००० डॉलरचा संबंध आला.

आता चार हप्ते भरून झाल्यावर मालक करार रद्द करतो. असे करार रद्द करता येतात आणि सुरुवातीची काही दिवसांची मुदत उलटल्यावर न वापरलेल्या काळाच्या प्रमाणात पैसे परत मिळायचे असतात. अठ्ठेचाळीसपैकी चव्वेचाळीस महिने उरले आहेत, म्हणून २,२०० डॉलर परत यायला हवेत. मालकाने आजवर भरले ७२०. वित्तसंस्थेचे येणे अजून १,६८० आहे, ते आधी फिटेल आणि मालकाच्या हातात ५२० डॉलर पडतील. हे २,२०० डॉलर द्यायचे कोणी? प्रशासकाने आपल्या वाट्यातून सुमारे ९१७ आणि विक्रेत्याने आपल्या वाट्यातून सुमारे १,२८३. प्रशासकाकडे ते असतात, कारण दाव्यांसाठी ठेवलेली रक्कम शिल्लक असते. विक्रेत्याकडे ते नसतात. ते पगार, जाहिराती आणि विक्रेत्या कंपनीच्या मालकांच्या घरखर्चात केव्हाच गेलेले असतात.

नव्या करारांचा ओघ मोठा असेपर्यंत हे उघडे पडत नाही, कारण आज रद्द झालेल्या कराराचा परतावा आज विकलेल्या कराराच्या पैशातून दिला जातो. विक्री थांबली की त्याच दिवशी खड्डा दिसू लागतो. मराठीत याला 'एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर' म्हणतात आणि या धंद्याचे वर्णन करायला तेवढे पुरे आहे.

२००९ मध्ये नेमके तेच झाले. मंदीमुळे हप्ते थकू लागले, तक्रारींचा डोंगर उभा राहिला, अनेक राज्यांनी चौकशा आणि दावे सुरू केले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या केंद्रीय आयोगाने वाहन-वॉरंटीच्या नावाखाली ध्वनिमुद्रित फोन करणाऱ्या काही अन्य कंपन्यांवर कारवाई केल्यामुळे सगळ्या धंद्यावरच प्रकाशझोत पडला. वर्षाअखेरीस यूएस फिडेलिसने नवे करार विकणे बंद केले. त्यानंतर रद्द होणाऱ्या करारांचा परतावा देण्यासाठी पैसाच उरला नाही आणि मेप्को ही कंपनीची सर्वांत मोठी धनको म्हणून न्यायालयासमोर आली. तिच्या पालक बँकेला या एका व्यवहारासाठी कोट्यवधी डॉलरची तरतूद करावी लागली. कंपनी चालवणाऱ्या डॅरेन आणि कोरी अॅटकिन्सन या दोघा भावांनी कंपनीतून कोट्यवधी डॉलर काढून घेतल्याचे या कामकाजात पुढे आले. लेक सेंट लुइस येथील त्यांचे प्रासादतुल्य घर वर्तमानपत्रांचा विषय झाले. २०१२ मध्ये दोघांनीही गुन्हे कबूल केले आणि दोघेही तुरुंगात गेले. करार रद्द करणाऱ्या ग्राहकांना देय असलेला पूर्ण परतावा न देणे, हा त्या गुन्ह्यांचा एक महत्त्वाचा भाग होता.

मग ग्राहकांच्या हाती काय उरले

येथे प्रकरण सरळ राहत नाही. यूएस फिडेलिस बुडाली म्हणून तिने विकलेले करार आपोआप रद्दी झाले नाहीत. दावे मंजूर करणारे प्रशासक वेगळे होते आणि त्यांच्या मागे विमा होता. त्यामुळे ज्यांनी हप्ते चालू ठेवले त्यांच्या दुरुस्तीच्या दाव्यांची जबाबदारी प्रशासकांवर कायम राहिली. बुडाला तो मुख्यतः परतावा. ज्याने कराराला कंटाळून तो रद्द केला त्याचे विक्रेत्याच्या वाट्यातील पैसे अडकले. अशा ग्राहकांसाठी दिवाळखोरीच्या योजनेत एक निधी बाजूला काढण्यात आला, पण दिवाळखोरीतील निधी म्हणजे रुपयाचे काही आणे हाती पडणे, हे वेगळे सांगायला नको.

म्हणजे ज्यांना तिऱ्हाइताचा करार सरसकट फसवणूक वाटतो त्यांच्याशी हे प्रकरण पूर्णपणे जुळत नाही. प्रशासक आणि विमा कंपनी भक्कम असतील तर विक्रेता बुडूनही संरक्षण तगते. उलट विमा देणारीच ढासळली तर काय होते, हे अमेरिकेने २००३ मध्ये पाहिले होते. केमन बेटांवर नोंदवलेली आणि नेब्रास्कातील लिंकन शहरातून कारभार करणारी नॅशनल वॉरंटी इन्शुरन्स ही संस्था त्या वर्षी अवसायनात निघाली. ज्या डीलरांनी तिच्या भरवशावर आपल्या नावाने करार दिले होते, त्यांच्याच गळ्यात दुरुस्तीची बिले पडली. एखाद्या गावातला डीलर ती सोसण्याइतका तालेवार नसेल, तर मालकाला आपल्याच पैशाने गाडी दुरुस्त करून घ्यावी लागली. दोन्ही ठिकाणी ग्राहकाने घेतलेला कागद दिसायला जवळपास सारखाच होता. फरक होता तो कोणता दुवा तुटला यात, आणि तो दुवा कोणता हे कागदाच्या शेवटच्या पानावरील बारीक अक्षरांतच वाचायला मिळते.

निर्मात्याची बाजू

आता डेट्रॉइटकडे, म्हणजे अमेरिकी मोटार उद्योगाच्या शहराकडे वळू. मार्च २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दोघीही डबघाईला आल्या होत्या आणि त्यांच्या शोरूममध्ये येणारा ग्राहक एकच प्रश्न विचारत होता: कंपनी राहिली नाही तर वॉरंटीचे काय? ही भीती कंपनीला बुडवायला पुरेशी होती, कारण वॉरंटीबद्दल शंका आली की गाडी विकली जात नाही, गाडी विकली गेली नाही की कंपनी बुडते, आणि कंपनी बुडाली की शंका खरी ठरते. हे चक्र तोडण्यासाठी ३० मार्च २००९ रोजी अमेरिकी सरकारने वॉरंटीला पाठबळ देणारी योजना जाहीर केली. पुनर्रचनेच्या काळात या दोन कंपन्यांची जी नवी गाडी विकली जाईल, तिच्या वॉरंटीचा जो खर्च अपेक्षित आहे त्याच्या १२५ टक्के रक्कम वेगळी काढून ठेवायची. त्यातील १५ टक्के कंपनीने घालायचे आणि ११० टक्के सरकारने कर्जाऊ द्यायचे. या योजनेखाली दोन्ही कंपन्यांना मिळून सुमारे ६४ कोटी डॉलर दिले गेले आणि ती रक्कम त्याच वर्षी सरकारला परत मिळाली.

या आकड्यांपेक्षा त्यांच्यामागचा विचार लक्षात घेण्यासारखा आहे. वॉरंटी म्हणजे शब्द नव्हे, वेगळी काढून ठेवलेली रक्कम असते, हे सरकारने उघडपणे मान्य केले आणि अंदाज चुकण्याची शक्यता धरून अपेक्षित खर्चापेक्षा चतुर्थांश रक्कम जास्त ठेवली. वेंट्झव्हिलच्या हिशोबाशी याची तुलना केली की दोन्हींतील अंतर डोळ्यांत भरते. एकीकडे खर्चाच्या सव्वापट रक्कम बाजूला होती, दुसरीकडे परतावा द्यायचा ती रक्कम अस्तित्वातच नव्हती.

पुढे जूनमध्ये क्रायस्लरची आणि १० जुलै २००९ रोजी जनरल मोटर्सची मालमत्ता नव्या कंपन्यांकडे गेली. न्यायालयाच्या देखरेखीखाली झालेल्या अशा विक्रीत घेणारा आपल्याला हवे ते उचलतो आणि नको ते मागे ठेवतो. नव्या जनरल मोटर्सने जुन्या कंपनीची बरीच देणी मागे ठेवली, पण गाडीसोबत दिलेली लेखी वॉरंटी मात्र स्वीकारली. यात औदार्य नव्हते. ज्या माणसाची गाडी बिघडल्यावर त्याला वाऱ्यावर सोडले जाते तो पुढची गाडी दुसऱ्या कंपनीची घेतो आणि शेजाऱ्यालाही तसेच सांगतो. नव्या कंपनीला त्या माणसाची गरज होती. निर्मात्याच्या हमीचा खरा जामीनदार त्याची सचोटी नसून त्याला विकायची असलेली पुढची गाडी असते. तिऱ्हाइताला त्याच ग्राहकाला दुसरा करार क्वचितच विकायचा असतो, आणि वेंट्झव्हिलच्या कंपनीला तर ग्राहक एकदाच लागत होता.

तरीही निर्मात्याचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. नव्या जनरल मोटर्सने स्वीकारली ती लेखी वॉरंटी. कागदावर न लिहिलेल्या, कायद्याने गृहीत धरलेल्या गुणवत्तेच्या हमीचे दावे जुन्या कंपनीकडेच राहिले. तसेच 'कंपनीची' म्हणून विकली जाणारी विस्तारित योजना खुद्द कंपनीचीच असते असेही नाही. जनरल मोटर्सच्या नावाने चालणारी संरक्षण योजना जीएमएसी या वित्तसंस्थेच्या घराण्यातून येत असे, आणि जीएमएसीमधील ५१ टक्के हिस्सा जनरल मोटर्सने २००६ मध्येच एका गुंतवणूकदार गटाला विकला होता. म्हणजे पाटी कारखान्याची आणि जबाबदारी दुसऱ्याची, असा प्रकार येथेही होता. अटींच्या बाबतीतही निर्माता भोळा नसतो. क्रायस्लरने २००७ मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी 'आजीवन' वॉरंटी जाहीर केली. ती पहिल्या मालकापुरतीच होती आणि दर पाच वर्षांनी ठरावीक मुदतीत डीलरकडे तपासणी करून घेणे बंधनकारक होते. ही तपासणी चुकली की आजीवन वॉरंटीचे आयुष्य संपे.

दावा करण्याचा दिवस

दिवाळखोरी रोज होत नाही. बिघाड रोज होतात. म्हणून दोन्ही प्रकारच्या करारांतला रोजचा फरक दाव्याच्या दिवशी दिसतो. गाडी निर्मात्याच्या डीलरकडे गेली तर दुरुस्ती करणारा आणि पैसे देणारा एकाच साखळीतले असतात. त्यांच्यात वाद झाला तरी तो बहुधा मालकाच्या पाठीमागे होतो. तिऱ्हाइताच्या करारात गॅरेजवाल्याला आधी प्रशासकाला फोन करून मंजुरी घ्यावी लागते. मंजुरीशिवाय पाना लावला तर दावा गेला. बिघाडाचे कारण कळत नसेल तर इंजिन किंवा गिअरबॉक्स खोलून पाहावा लागतो. तो खोलण्याची परवानगी मालकाने द्यायची असते आणि आत सापडलेले कारण करारात बसले नाही तर खोलण्याची मजुरीही मालकाच्याच माथी बसते. माझ्या मते या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत कठीण क्षण हाच आहे, कारण गाडी लिफ्टवर उघडी पडलेली असते, ती ओढून दुसरीकडे नेणे परवडत नाही आणि निर्णय घेणारा माणूस शेकडो मैल दूर फोनच्या दुसऱ्या टोकाला असतो.

त्यानंतर नोंदींचा प्रश्न येतो. वेळेवर ऑइल बदलल्याच्या पावत्या नसतील तर इंजिनाचा दावा नाकारायला तेवढे कारण पुरते. झीज, करार घेण्यापूर्वीचा दोष आणि एका भागाच्या बिघाडाने दुसऱ्या भागाचे झालेले नुकसान, हे तीन मुद्दे वादाच्या मुळाशी असतात. गिअरबॉक्स योजनेत असतो, पण ज्या पन्नास डॉलरच्या सीलमधून ऑइल गळून तो बसला ते सील योजनेत नसते. नवा भाग मिळेलच असेही नसते. जुना किंवा दुरुस्त केलेला भाग बसवण्याचा अधिकार प्रशासक राखून ठेवतो, आणि गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त खर्च तो देत नाही. मॅग्नुसन-मॉस कायद्याने निर्मात्याला एका बाबतीत आवर घातला आहे. आमच्याच ब्रँडचा भाग किंवा आमचीच सेवा वापरली नाही म्हणून वॉरंटी रद्द, अशी अट वॉरंटीला सहसा जोडता येत नाही, मात्र तो भाग किंवा सेवा फुकट दिली असेल तर गोष्ट वेगळी.

वेंट्झव्हिलची कहाणी तेथे संपली नाही, हे येथे नोंदवायला हवे. सेंट पीटर्स हे गाव वेंट्झव्हिलच्याच सेंट चार्ल्स काउंटीत आहे. तेथील कारशील्ड ही कंपनी आणि तिच्या करारांची प्रशासक अमेरिकन ऑटो शील्ड यांनी जुलै २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनशी १ कोटी डॉलरची तडजोड केली. महिन्याला १२० डॉलरपर्यंत भरणाऱ्या ग्राहकांना जाहिरातीत सांगितलेल्या अनेक दुरुस्त्या मिळत नव्हत्या, हवे ते गॅरेज निवडता येत नव्हते आणि बदली गाडीचे आश्वासनही नेहमी पाळले जात नव्हते, असा आयोगाचा आरोप होता. प्रसिद्ध चेहऱ्यांनी जाहिरातीत सांगितलेल्या अनुभवांबद्दलही आयोगाचा आक्षेप होता. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने वाहन-वॉरंटीचे ध्वनिमुद्रित फोन करणाऱ्या एका जाळ्याला जवळजवळ ३० कोटी डॉलरचा दंड ठोठावला. या जाळ्याने २०२१ मध्ये तीन महिन्यांत पाचशे कोटींहून अधिक फोन केले होते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तेथे गेलेली आपली मुले पहिली गाडी जुनीच घेतात, आणि हे फोन त्यांनाही येतात.

तळेगावचा धागा

या कथेतील एक पात्र आपल्या अंगणात राहून गेले आहे. जनरल मोटर्सचा कारखाना पुण्याजवळ तळेगावला होता. मे २०१७ मध्ये कंपनीने वर्षाअखेरीपासून भारतात आपल्या शेवर्ले या ब्रँडच्या गाड्यांची विक्री बंद करण्याचे जाहीर केले. तळेगावात निर्यातीसाठी गाड्या बनत राहिल्या, तेही डिसेंबर २०२० मध्ये थांबले. ग्राहकांची वॉरंटी पाळली जाईल आणि सेवा व सुटे भाग मिळत राहतील, असे कंपनीने सांगितले होते. येथे कंपनीचे दिवाळे निघाले नव्हते. तिला फक्त या देशात पुढची गाडी विकायची नव्हती. वर म्हटलेला जामीनदार येथून उठून गेला होता. ज्यांनी त्या सुमारास शेवर्लेची बीट किंवा क्रूझ घेतली त्यांच्यासमोर वॉरंटी वैध आहे का हा प्रश्न नव्हता, तर ती वापरण्यासाठी गाडी कोणत्या गावापर्यंत न्यायची, हा होता. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

आपल्याकडे मॅग्नुसन-मॉससारखा स्वतंत्र कायदा नाही. स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा वाहन कंपन्यांविरुद्ध दिलेला आदेश त्या दिशेने बराच पुढे गेला होता. सुमारे २,५४४ कोटी रुपयांच्या दंडाचीच बातमी अधिक झाली आणि त्याविरुद्ध अपिलेही झाली. परंतु त्या आदेशातील वॉरंटीबाबतचा भाग वाचण्यासारखा आहे. बाहेरच्या गॅरेजात काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे नुकसान झाले असेल तर तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे आयोगाने म्हटले. या चौदांत टाटा मोटर्स, महिंद्रा, मारुती सुझुकी, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि जनरल मोटर्स होत्या. यांपैकी बऱ्याच जणांची धुराडी नाशिक, चाकण आणि पिंपरीच्या परिसरात दिसतात.

आपल्याकडील शोरूममध्ये गाडीच्या किमतीच्या पत्रकात एक्स्टेंडेड वॉरंटीची ओळ असते आणि विमा, नोंदणी, अॅक्सेसरीज यांच्या गर्दीत ती चटकन सही होऊन जाते. मूळ वॉरंटी लांबत चालल्याने त्या ओळीचे मोलही बदलले आहे. मारुतीने जुलै २०२४ मध्ये मूळ वॉरंटी दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत वाढवली. त्या ओळीवर सही करण्यापूर्वी करारावर शिक्का कोणाचा आहे, गाडी बनवणाऱ्या कंपनीचा, डीलरचा की आणखी कोणाचा, हे विचारावे. दावा नाकारला गेल्यास लेखी कारण कोण देणार, गाव बदलल्यास दुसऱ्या शहरातील सर्व्हिस सेंटर तो करार मानेल का, आणि गाडी विकल्यास तो नव्या मालकाच्या नावे होईल का, हेही विचारावे. तंटा झालाच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. करार करणारी कंपनी दिल्लीची असली तरी सांगलीच्या माणसाला दिल्ली गाठावी लागत नाही.

तळेगावचा कारखाना ह्युंदाईने विकत घेण्याचा करार ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. २००९ मध्ये जुन्या जनरल मोटर्सची मालमत्ता घेणाऱ्या नव्या कंपनीने जुन्या गाड्यांची वॉरंटीही उचलली होती. तळेगावात जे विकत घेतले गेले त्यात जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री होती.